ऊन न येणाऱ्या खोलीसाठी तीन शेड: कोणती निवडायची आणि कशी तपासायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. खोली साधारण १० बाय १२ फुटांची. एकच मोठी खिडकी, आणि तिच्यातून थेट ऊन कधीच येत नाही. जमीन तांबूस तपकिरी लाकडाची. दिवसा अभ्यास आणि ऑफिसचं काम, रात्री झोपायला तीच खोली, दिवा सध्या पांढरा एलईडी. भिंतींवर सध्या जुना पीच रंग आहे. शेड कार्डावरून तीन रंग बाजूला काढले आहेत: हस्तिदंती, राखेची झाक असलेला फिकट शेवाळी आणि निळसर करडा. कार्डावर तिन्ही आवडतात, मोबाइलवर निळसर करडा सगळ्यांत देखणा दिसतो, आणि घरातल्या दोघांचं काही केल्या एकमत होत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. या खोलीत चारही भिंतींना निळसर करडा मी लावणार नाही. पहिली पसंती शेवाळी, आणि दिवे बदलायची तयारी नसेल तर हस्तिदंती. अर्थात हे तुम्ही दिलेल्या वर्णनावरून केलेलं अनुमान आहे. ते तुमच्या भिंतीवर खरं ठरतं का, हे रंगाचा डबा उघडण्याआधी तपासता येतं, आणि तपासायलाच हवं.

सुरुवात उजेडापासून करू, कारण तिन्ही शेडचा निकाल तिथेच लागतो. थेट ऊन न येणाऱ्या खिडकीतून जो उजेड येतो तो मुख्यतः आकाशाचा असतो. उजेडाची झाक केल्विन या एककात मोजतात. निरभ्र निळ्या आकाशाचा उजेड १०,००० केल्विन किंवा त्याहूनही जास्त असू शकतो, ढगाळ आकाशाचा साधारण ६,५०० केल्विनच्या आसपास, तर भर दुपारच्या उन्हाचा ५,५०० केल्विनच्या जवळपास. आकडा जितका मोठा, तितका उजेड निळसर, म्हणजेच थंड. म्हणजे तुमच्या खोलीत दिवसभर एक हलकी निळी झाक आधीच पसरलेली असते. तिच्यात निळसर करडा रंग टाकला की निळ्यावर निळा चढतो. कार्डावर जो रंग शांत, रुबाबदार दिसत होता तो भिंतीवर पोलादी आणि उदास वाटू लागतो, पावसाळी दिवशी तर जास्तच. तोच निळसर करडा भरपूर ऊन येणाऱ्या खोलीत अप्रतिम दिसतो. रंगात खोट नाही, या खोलीशी त्याचं जमत नाही.

या उजेडाची एक जमेची बाजू मात्र आहे: तो दिवसभर फारसा बदलत नाही. उन्हाच्या खोलीत सकाळ, दुपार, संध्याकाळ असे तीन वेगळे रंग दिसतात. तुमच्याकडे दिवसाचा एक आणि रात्रीचा एक, एवढेच सांभाळायचे आहेत. खिडकीबाहेर काय आहे तेही एकदा बघा. समोर दाट झाडी असेल तर आत येणारा उजेड हिरवट असतो, समोर विटांची भिंत असेल तर तांबूस. बाहेर हिरवळ असेल तर शेवाळीतला हिरवा आणखी वाढतो. अशा वेळी त्याच कुळातली जास्त राखेकडे झुकलेली शेड घ्यावी.

आता फिकट-गडदपणाचा मुद्दा. लोक हिरवा की निळा यावर तासन्‌तास बोलतात. माझ्या मते रंगाच्या जातीपेक्षा तो किती फिका आहे यावर खोलीचा स्वभाव जास्त ठरतो. बऱ्याच कंपन्या शेडच्या मागे किंवा माहितीपत्रकात एलआरव्ही नावाचा आकडा देतात. पडलेल्या उजेडापैकी किती टक्के उजेड ती शेड परत फेकते, ते हा आकडा सांगतो. ० म्हणजे सगळा उजेड गिळणारा काळा, १०० म्हणजे सगळा परत करणारा पांढरा. चांगले पांढरे रंग ८०च्या वर असतात, हस्तिदंतीसारखे बहुतेक ७० ते ८०च्या पट्ट्यात, आणि तुम्ही म्हणता तसे फिकट शेवाळी किंवा करडे ५० ते ७० मध्ये कुठेही.

८० आणि ६० मध्ये फरक फक्त २०चा, असं वाटेल. पण बंद खोलीत उजेड एकदाच आपटून थांबत नाही, तो भिंतीवरून भिंतीवर उसळत राहतो. सगळे पृष्ठभाग ८० टक्के उजेड परत करत असतील, तर पहिल्या आपटण्यानंतरच्या सगळ्या उसळ्यांची बेरीज मूळ उजेडाच्या ४ पट होते. ६० टक्के असेल तर दीडपट, आणि ५० टक्के असेल तर जेमतेम १ पट. प्रत्यक्षात खिडकी, जमीन, पुस्तकं, गादी हे सगळे उजेड खातात, त्यामुळे फरक इतका टोकाचा राहत नाही. पण दिशा हीच. दिवसा वाचन आणि काम करायचं असेल तर या खोलीत एलआरव्ही ६५च्या खाली जाऊ नका. शेवाळीच्या पट्टीवर तुम्हाला आवडलेली शेड ५५ची असेल, तर त्याच पट्टीवर एक घर वर, फिक्याकडे सरका.

उलट बाजूही सांगायला हवी. अंधाऱ्या खोलीला पांढरा लावला की ती उजळते, हे अर्धंच खरं आहे. उजेड मुळात कमी असेल तर पांढऱ्या भिंतींचे कोपरे राखाडी पडतात आणि पांढरा रंग मळल्यासारखा दिसतो. अंगात थोडा रंग असलेली भिंत कमी उजेडातही स्वतःची ओळख टिकवून धरते. म्हणून शुद्ध पांढरा तुमच्या यादीत नाही हे मला बरं वाटलं.

उजेड उसळण्याचा दुसरा परिणाम जास्त फसवा असतो. समजा, एखादी हस्तिदंती शेड तांबडा उजेड ८५ टक्के परत करते आणि निळा ७० टक्के. कार्डावर हा फरक हलका, हवाहवासा वाटतो. पण दुसऱ्या भिंतीवर आपटून आलेल्या उजेडात तांबडा ७२ टक्के उरतो आणि निळा ४९. म्हणजे एका उसळीत निळ्याचं तांबड्याशी प्रमाण ०.८२ वरून ०.६८ वर आलं. चार भिंती एकमेकींना हा रंग देत राहतात, आणि कार्डावरची सौम्य हस्तिदंती खोलीत चक्क पिवळी होते. कोपऱ्यांत ते सगळ्यांत आधी कळतं. कार्डावर जी शेड ‘अगदी बरोबर’ वाटते ती चार भिंतींवर बहुतेक वेळा जास्त होते, अंगावर येते. कार्डावर थोडी बेचव, थोडी जास्तच राखी वाटणारी शेड भिंतीवर नेमकी बसते. नव्या माणसाला हे पटवणं सगळ्यांत कठीण जातं, म्हणून त्याची एक युक्ती देतो.

नमुना थेट भिंतीवर मारू नका. दोन-अडीच फुटांचे, कडक पुठ्ठ्याचे किंवा पातळ प्लायचे बोर्ड घ्या, प्रत्येक शेडला दोन. त्यांना पांढरा प्रायमर लावा, मग रोलरने रंगाचे दोन हात, मध्ये डब्यावर सांगितलेला वेळ सोडून. ब्रशने मारू नका. भिंतीला रोलर लागणार असेल तर नमुन्यालाही रोलरच हवा, कारण पोत बदलला की उजेड वेगळा परततो. मग पूर्ण एक दिवस सुकू द्या. इमल्शनमधलं बाइंडर, म्हणजे रंग भिंतीला धरून ठेवणारा चिकट घटक, ओलं असताना दुधी असतं आणि सुकल्यावर पारदर्शक होतं, म्हणून बहुतेक शेड सुकताना थोड्या गडद होतात. ओल्या नमुन्यावर निर्णय घेणं म्हणजे वेगळ्याच रंगाबद्दल निर्णय घेणं.

आता ती युक्ती. एकाच शेडचे दोन्ही बोर्ड खोलीच्या कोपऱ्यात काटकोनात उभे करा, पुस्तक अर्धवट उघडून उभं केल्यासारखे. मधल्या रेषेजवळ बघा. तिथे दोन्ही बोर्ड एकमेकांवर उजेड टाकत असतात. तिथली छटा कडेच्या छटेपेक्षा गडद आणि भडक दिसेल. पूर्ण रंगवलेली खोली त्या मधल्या छटेच्या बाजूला झुकते. हस्तिदंतीचे बोर्ड असे उभे केले की तिचं पिवळेपण लगेच उघडं पडतं.

बोर्ड उभेच ठेवायचे, टेबलावर आडवे नाहीत. आडव्या पृष्ठभागावर वरून उजेड पडतो, भिंतीवर तो बाजूने येतो, त्यामुळे तीच शेड टेबलावर वेगळी दिसते. शिवाय चारही भिंतींपाशी फिरवून बघा. ज्या भिंतीत खिडकी आहे ती नेहमी सगळ्यांत काळोखी असते, कारण तिच्यावर आकाशाचा थेट उजेड पडतच नाही आणि शेजारी खिडकी लख्ख असल्यामुळे डोळ्याला ती आणखी गडद भासते. समोरच्या भिंतीवर रंग सगळ्यांत मोकळा दिसतो. एक शेड या दोन्ही भिंतींवर चालली पाहिजे.

जुन्या पीच रंगाचं काय? तो इथे खरा खोडा आहे. एक तर तो सगळ्या खोलीत गुलाबट उजेड पसरवतोय. दुसरं, त्याच्या शेजारी कुठलीही शेड ठेवली तरी डोळा ती पीचच्या विरुद्ध दिशेला ढकलतो: शेवाळी जास्त हिरवा दिसतो, करडा जास्त निळा. पॅरिसच्या गोबलँ या राजेशाही विणकाम कारखान्यात रंगाई विभाग सांभाळणाऱ्या मिशेल यूजीन शेवरल या रसायनशास्त्रज्ञाकडे तक्रार आली होती, की काळा रंग फिका पडतोय. त्याने तपासलं तर रंगात दोष नव्हता, शेजारच्या धाग्यांच्या रंगांमुळे काळा तसा दिसत होता. त्यातूनच त्याने रंगांच्या परस्पर विरोधाचा नियम मांडला आणि १८३९ मध्ये तो सविस्तर प्रसिद्ध केला. शेड कार्डावर दाटीवाटीने बसलेले चौकोनही एकमेकांना असंच बिघडवतात. पट्टीवर खाली गडद शेड असली की मधली शेड उगाच फिकी वाटते.

म्हणून सगळ्यांत चांगला क्रम असा: आधी भिंतींचं पोपडे-भेगांचं काम, पुट्टी आणि पांढरा प्रायमर पूर्ण करून घ्या, आणि शेडचा अंतिम निर्णय त्यानंतर घ्या. रंगाऱ्याला हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे मध्ये दोन-तीन दिवसांचा अवकाश मिळेल. ते शक्यच नसेल तर बोर्डाच्या मागे आणि आजूबाजूला पांढऱ्या चादरी लावून पीच झाका. एका वेळी एकच शेड बघा. तिन्ही बोर्ड शेजारी लावले की तुम्ही त्यांतला फरक बघता, रंग बघत नाही.

झाक ओळखण्याबद्दल थोडं. करड्यात निळा लपला आहे की जांभळा, हस्तिदंतीत पिवळा आहे की गुलाबी, हे फिक्या शेडमध्ये एकट्याने बघून कळत नाही. पट्टीच्या तळाची सगळ्यांत गडद शेड बघा, कूळ तिथे स्पष्ट दिसतं. दुसरा मार्ग म्हणजे शेडला साध्या पांढऱ्या कागदावर ठेवणं, आणि मग त्याच जातीच्या दुसऱ्या शेडशी ताडून बघणं. दोन हस्तिदंती शेजारी ठेवल्या की एक लगेच गुलाबट आणि दुसरी हिरवट असल्याचं कळतं. तुमच्या करड्यात जांभळट झाक निघाली तर तो कायमचा बाद करा, आकाशाच्या उजेडात तो फार थंड दिसेल.

लाकडी जमिनीचा परिणाम दोन तऱ्हांनी होतो. भिंतीच्या खालच्या भागावर ती नारिंगी उजेड फेकते, तिथे शेवाळी थोडा मातकट होतो, हस्तिदंती ऊबदार. पण नजरेला जमीन आणि भिंत एकत्र दिसली की तांबूस तपकिरीमुळे शेवाळीतलं हिरवेपण उठून दिसतं. मला ही जोडी मनापासून आवडते, मात्र शेवाळी राखेकडे झुकलेला हवा. ताजा, पोपटाकडे झुकणारा हिरवा त्या लाकडाशी भांडतो. बोर्ड हवेत धरू नका, जमिनीला टेकवून बघा.

रात्रीचा भाग तुम्ही प्रश्नात एका वाक्यात उरकलात, पण ही झोपायची खोली आहे, तेव्हा रंग रात्री कसा दिसतो याला निम्मं वजन द्या. सध्या पांढरा एलईडी आहे असं लिहिलंत. तो बहुधा ६,५०० केल्विनचा असेल, खोक्यावर आकडा असतो. त्यात शेवाळी रात्री पांढुरका, निस्तेज दिसेल. २,७०० किंवा ३,००० केल्विनचा दिवा हस्तिदंतीला पिवळं करतो, पण शेवाळीला एक मऊ, ऊबदार राखी रंग देतो. केल्विनबरोबर सीआरआय हा आकडाही बघा, रंग किती खरे दिसतात ते तो सांगतो. ८० चालतो, ९०च्या वर असेल तर चांगलं. सीआरआयचा मुख्य आकडा आठ सौम्य रंगांवरून काढतात, गडद लाल त्यात येत नाही. त्यामुळे ८०चा दिवा भिंत ठीक दाखवूनही लाकूड आणि माणसाची त्वचा फिकी दाखवू शकतो. दोन रंग एका दिव्यात हुबेहूब सारखे आणि दुसऱ्यात स्पष्ट वेगळे दिसणं ही नेहमीची गोष्ट आहे. पडदे आणि भिंत दुकानात जुळले म्हणून घरी जुळतीलच असं नाही, ते कापड बोर्डाशेजारी घरीच धरून बघावं लागतं. दिवे बदलायचे असतील तर बोर्ड बघण्याआधी बदला, नंतर नाही.

बघताना घाई करू नका. बाहेरच्या लख्ख उजेडातून खोलीत आल्याबरोबर डोळा जुळवून घेत असतो, एक-दोन मिनिटं थांबून मगच बोर्डाकडे पाहा. खोलीत ज्या वेळी खरोखर काम करता, त्या खुर्चीत बसून बघा.

मोबाइलवर निळसर करडा देखणा दिसतो, त्याचं कारण साधं आहे. कॅमेरा उजेडातली झाक आपोआप काढून टाकायचा प्रयत्न करतो, आणि स्क्रीन स्वतः उजेड सोडते, भिंत सोडत नाही. खोलीच्या फोटोवर शेड चढवून दाखवणारी ॲप जाती-जातींत निवड करायला उपयोगी आहेत, म्हणजे हिरवा की निळा एवढंच. एकाच जातीतल्या दोन शेड त्यांवर तोलणं व्यर्थ आहे.

आता दोघांच्या मतभेदाबद्दल. यात नेहमी फक्त आवडीचाच प्रश्न असतो असं नाही. युरोपीय वंशाच्या पुरुषांपैकी सुमारे ८ टक्क्यांना तांबडा-हिरवा ओळखण्यात कमी-जास्त अडचण असते, स्त्रियांमध्ये हे प्रमाण ०.५ टक्क्याच्या आसपास आहे, आणि कमी-जास्त प्रमाणात ही अडचण जगात सगळीकडे आढळते. तुमचा राखी शेवाळी अशा डोळ्याला नुसता मातकट करडा दिसू शकतो. वयानुसार डोळ्याचं भिंगही पिवळसर होत जातं, आणि फिक्या निळ्या छटांमधला फरक कमी जाणवतो. तेव्हा ‘तुला दिसत कसं नाही’ या वळणावर जाण्याआधी दोघांनी वेगवेगळं, एकमेकांना न सांगता, प्रत्येक बोर्डाबद्दल दोन ओळी लिहून काढा: कोणता रंग दिसतो, आणि दिवसा-रात्री खोलीत बसून कसं वाटतं. नापसंत शेड आधी बाद करा. दोघांनाही न खुपणारी शेड ही एकाला अतिशय आवडणाऱ्या आणि दुसऱ्याला खुपणाऱ्या शेडपेक्षा कितीतरी वर्षं जास्त टिकते.

निळा मन शांत करतो, हिरवा एकाग्रता वाढवतो, असल्या ठाम विधानांवर निवड करू नका. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या एका नौदल तुरुंगात कोठडी विशिष्ट गुलाबी रंगाने रंगवली आणि कैदी शांत झाले असा गाजावाजा झाला होता. पुढे काटेकोरपणे केलेल्या अभ्यासांत तसा परिणाम सापडला नाही. रंगाचा मनावर परिणाम होत नाही असं मी म्हणत नाही, पण तो तुमच्या सवयी, आठवणी आणि उजेड यांच्याबरोबर होतो.

निळसर करडा सोडवतच नसेल तर तो खिडकीसमोरच्या एकाच भिंतीवर लावा. खोलीतला सगळ्यांत जास्त उजेड तिला मिळतो, तिथे तो तगेल. उरलेल्या तीन भिंतींना हस्तिदंती. फक्त त्या हस्तिदंतीशेजारी छत झगझगीत निळसर पांढरं ठेवू नका, त्याच्यामुळे भिंत मळकट पिवळी दिसते. छतासाठी किंचित ऊबदार पांढरा घ्या. शेवाळी लावलात तरी छताला तोच चालेल.

फिनिश मॅट, आणि तेही धुता येणारं. एकाच खिडकीतून भिंतीवर तिरपा उजेड पडतो आणि पुट्टीची प्रत्येक लाट दाखवतो. चकाकणारं फिनिश ती आणखी वाढवतं, शिवाय शेड एका बाजूने गडद आणि दुसऱ्या बाजूने पांढुरकी दिसते. नमुन्याचा बोर्डही त्याच फिनिशचा हवा, नाहीतर तुलना फसते. तुमच्या तिन्ही शेड फिक्या आहेत, म्हणजे त्यांच्या बेसमध्ये (ज्यात मशीनवर शेड मिसळतात त्या मूळ रंगात) टायटॅनियम डायऑक्साइड भरपूर असतं, आणि पांढऱ्या प्रायमरवर दोन हातांत त्या पीच पूर्ण झाकतील. भडक पिवळे-लाल रंग निवडले असते तर तिसरा-चौथा हात लागला असता, कारण त्यांच्या बेसमध्ये हे पांढरं रंगद्रव्य कमी असतं.

शेवटी खरेदी. संपूर्ण खोलीचा रंग एकाच वेळी, एकाच बॅच नंबरचा घ्या. मशीनवर मिसळलेल्या दोन डब्यांतही बारीक फरक पडू शकतो, म्हणून सगळे डबे एका मोठ्या बादलीत एकत्र करून मगच सुरुवात करायला रंगाऱ्याला सांगा. शेडचा कोड, बेस, फिनिश आणि बॅच नंबर लिहिलेली चिठ्ठी उरलेल्या डब्याच्या झाकणावर चिकटवून ठेवा. टेबलामागची भिंत खुर्ची घासून आधी खराब होणार आहे, तेव्हा ती चिठ्ठी लागेल.